डबीला तळ असतो

सोमवार, ६ फेब्रुवारी. सकाळी सात.

आजपासून रोजनिशी. ही वही फक्त माझ्यासाठी आहे, तेव्हा हिच्यात सगळं खरं लिहायचं. स्वतःशी खोटं बोलून कोणाचा फायदा?

निमित्त: आयुष्याला दिशा मिळाली. काल जेवणं झाल्यावर धाकटीने माझ्यापुढे पेपरचं एक कात्रण ठेवलं. चार घड्या घातलेलं, घड्यांवर फाटायला आलेलं. म्हणाली, ताई, जरा वाचून सांग ना, अटी काय आहेत. एका संस्थेत लाकूड कातणारे एक जुने मास्तर आहेत. ते वर्षभर एकाच व्यक्तीला हाताशी धरून शिकवणार. राहायची सोय तिथेच. अर्जाबरोबर स्वतः कातलेली एक छोटी शोभेची डबी, झाकणासह, आणि एक पान मनोगत. शेवटची तारीख २८ फेब्रुवारी. शिक्षणाची अट नाही. धाकटीने दोनदा विचारलं, शिक्षणाची अट नाही ना, नक्की? मी म्हटलं, नाही गं, पण असलेलं काही वाया जात नाही.

किती काळजी तिला माझी! बी.ए. होऊन आठ महिने मी घरी बसले आहे, हे तिच्या मनाला लागलं असणार. कात्रण तीन दिवस खिशात घेऊन हिंडत होती म्हणे. द्यायचा धीर होत नव्हता.

मी जागच्या जागी निर्णय घेतला. कात्रण या वहीच्या पहिल्या पानावर चिकटवलं आहे.

तोच दिवस, दुपार.

थोडी पार्श्वभूमी, पुढे कधी हे वाचेन तेव्हासाठी. बाबा कातारी. पुढच्या खोलीत लेथ. पटाशीच्या आणि हातोड्याच्या मुठी, खुर्च्यांचे पाय, जिन्याचे दांडे. चार वर्षांपूर्वी बाबांचा खांदा गेला, तेव्हापासून लेथ धाकटी चालवते; बाबा स्टुलावर बसून हत्यारांना धार लावतात. तिला अभ्यासाची फारशी आवड नव्हती. मी घरातली पहिली पदवीधर. झगा घातलेला माझा फोटो लेथच्या वरच लावला आहे. त्यावर रोज भुसा बसतो, रोज धाकटी पुसते.

या लेथच्या आवाजात मी 'श्रमाची प्रतिष्ठा' हा निबंध लिहून कॉलेजात पहिलं बक्षीस मिळवलं होतं. आता ती प्रतिष्ठा प्रत्यक्षात आणायची.

योजना: पहिला आठवडा तंत्र. दुसरा डबी. तिसरा मनोगत. एक दिवस राखीव. रोज पहाटे पाचला उठणे.

मंगळवार, ७ फेब्रुवारी.

आठ दहाला उठले. धाकटी सहापासून लेथवर होती. तिला एकदम उठवणं बरं दिसलं नसतं. म्हणून निरीक्षण केलं. निरीक्षण म्हणजे अर्धं शिक्षण. दोन पानं नोट्स काढल्या. गोल धारेच्या पटाशीला गोलची म्हणतात. इंचाच्या आठव्या भागाला सूत म्हणतात. हत्यार आधी लेथच्या आडव्या लोखंडी पट्टीवर टेकवायचं, मग लाकडाला लावायचं.

सोपं आहे.

बुधवार, ८ फेब्रुवारी.

डबीचं चित्र काढलं. झाकणावर निमुळतं शिखर, खाली वळ्या, पोटाला नाजूक कंबर. आत्याने चष्मा लावून पाहिलं. विचारलं, बाटली का? आत्या बाबांची थोरली बहीण. सगळं आयुष्य या घरात आणि सगळं आयुष्य असंच बोलत आली. मी मनावर घेतलं नाही.

गुरुवार, ९ फेब्रुवारी.

पहिला प्रयत्न. हत्यार आधी लाकडाला लावलं, पट्टीवर नंतर टेकवायचं राहून गेलं. ठोकळा उडाला. मी सुखरूप. बादली नाही.

धाकटीने पाणी पुसलं. नवा ठोकळा बसवून दिला. माझा हात धरून पाच मिनिटं कातलं आणि सुरळीत गोल झालं. म्हणजे हात माझा चांगला आहे. फक्त सवय हवी.

शनिवार, ११ फेब्रुवारी.

आज डबी जवळजवळ झाली होती. बाहेरून सुंदर. मग आतून पोखरायला घेतलं. इतकी तंद्री लागली की काय सांगू! ज्याला एकरूप होणं म्हणतात ते हेच. मग गोलचीचा आवाज बदलला आणि पलीकडचा उजेड दिसला.

बाबांनी ती डोळ्याला लावून पाहिली. खिडकी पाहिली, मला पाहिलं. म्हणाले, डबीला तळ असतो बाळ. आत जाताना सारखं मोजत जायचं. किती काढलं ते सगळ्यांना दिसतं, किती ठेवलं ते कातणाऱ्यालाच ठाऊक असतं.

आत्याने त्यात पडद्याची दोरी ओवली. छान बसली. काहीच वाया गेलं नाही.

सोमवार, १३ फेब्रुवारी.

प्रयत्न तिसरा. तळ आहे! झाकण आहे! झाकण घट्ट बसावं म्हणून कड जराही कमी केली नाही. आत प्रतीक म्हणून संकल्पाची चिठ्ठी ठेवली: 'रोज पहाटे पाच ते आठ लेथ.' झाकण हातोडीने बसवलं.

आता निघत नाही. आईने ओढलं, बाबांनी ओढलं, धाकटीने गरम फडक्यात धरून पिळलं. आत्या म्हणाली, राहू दे, असला संकल्प आतच बरा.

संकल्प सुरक्षित आहे. उघडल्याशिवाय पाळायचा कसा, हा प्रश्न आहे.

मंगळवार, १४ फेब्रुवारी.

थोडं मनाला लागलं. हत्यारांच्या दुकानदाराचा फोन आला. दोनशे मुठी शुक्रवारी द्यायच्या होत्या, गेल्या नाहीत. बाबा फोनवर म्हणाले, जरा घरात काम निघालं. माझं नाव घेतलं नाही. उजेड चांगला असतो त्या वेळात लेथ माझ्याकडे असतो. धाकटी आता भल्या पहाटे उठून मुठी कातते. मला आवाजाने जाग येते आणि मी कूस बदलते. हे लिहिताना वाईट वाटतंय.

प्रायश्चित्त म्हणून चहातली साखर सोडली.

बुधवार, १५ फेब्रुवारी.

आत्याने विचारलं, तुझ्या साखरेच्या मुठी होतात का गं?

साखर पुन्हा सुरू. प्रायश्चित्ताचं प्रदर्शन करू नये.

शुक्रवार, १७ फेब्रुवारी.

कालची डबी अप्रतिम होती, हे नोंदवून ठेवते. गोल, तळ जागेवर, झाकण बसतं आणि निघतं. आज सकाळी झाकण एका बाजूने वर आणि दुसऱ्या बाजूने बाहेर. डबी अंड्यासारखी झाली आहे. धाकटीने विचारलं, कुठला ठोकळा घेतलास? मी म्हटलं, मागच्या दारचा, मऊ होता. ती म्हणाली, ताई, तो आठवड्यापूर्वीपर्यंत झाडावर होता.

बाबा म्हणाले, ओलं लाकूड शब्द पाळत नाही. आज हो म्हणतं, वाळलं की फिरतं.

हे ते लाकडाबद्दलच बोलत होते.

रविवार, १९ फेब्रुवारी.

बाबांनी माळ्यावरून अक्रोडाचा ठोकळा काढला. सहा वर्षं वाळवलेला. दोन्ही तोंडांना मेण लावलेलं. फडक्याने पुसून टेबलाच्या मधोमध ठेवला आणि म्हणाले, घ्या, आता चांगल्या लाकडात करा. बोलताना धाकटीकडे बघत होते. बहुधा मला शिकवायची जबाबदारी तिची म्हणून.

टेबलाजवळ मी होते. मी घेतला.

धाकटी म्हणाली, यात दोन डब्या निघतील. मी म्हटलं, एकच करू, पण अशी की बघत राहावं.

सोमवार, २० फेब्रुवारी.

आता यात एकच डबी निघेल.

मंगळवार, २१ फेब्रुवारी.

ठोकळ्याला हात लावायचा धीर होत नाही. उरलेला अर्धा कपाटावर ठेवलाय. तो बघतो आहे असं वाटतं. सात दिवस उरले. मनोगत आधी लिहावं का? शब्द वाळवावे लागत नाहीत.

बुधवार, २२ फेब्रुवारी. दुपारी चार.

आम्ही डबी पूर्ण केली!

सविस्तर. सकाळी मी ठोकळा लेथवर लावला. गोलची उचलून थेट लाकडाकडे नेली. धाकटी म्हणाली, ताई, थांब, कसं करायचं ते मी फक्त दाखवते. तिने फक्त दाखवायला सुरुवात केली. बाहेरचा गोल दाखवला. झाकण वेगळं करून दाखवलं. आतून पोखरून दाखवलं. दर दोन मिनिटांनी थांबून काडी आत घालून मोजत होती. कड दाखवली. चाळीस मिनिटांत सगळं दाखवून झालं आणि लेथवर दाखवण्यासारखं काही उरलं नाही.

झाकण वर ठेवलं की ते एकदम पडत नाही. हळू खाली जातं, आतली हवा बाहेर पडते, एखाद्याने दिवसभराचं काम संपवून बसताना टाकावा तसा श्वास ऐकू येतो. झाकणावरचे रेषांचे पट्टे थेट पोटावर उतरतात, जणू कापलंच नव्हतं. बाबांनी तीनदा उघडझाप केली. चष्मा काढून पुसला.

डिझाइन माझं. (शिखर तिने काढून टाकलं. वळ्याही. कंबरही.) पॉलिश पूर्णपणे मी केलं. बुडाशी माझ्या अंगठ्याचा ठसा राहिला. एका अर्थी सही.

शुक्रवार, २४ फेब्रुवारी.

फॉर्म भरायला घेतला. अडले ते एका शब्दाशी. 'स्वतः कातलेली.'

'स्वतः' म्हणजे काय? समाजशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाच्या पेपरात मी लिहिलं होतं की कोणतेही श्रम एकट्याचे नसतात. झाड लावणारा, तोडणारा, धार लावणारे बाबा, स्वयंपाक करणारी आई, सगळ्यांचा हात असतो. त्या पेपरात मला पासष्ट मार्क होते. मग एकाच हाताला श्रेय देणं हा उलट अन्याय नाही का? आणि डबी घराची आहे. घराच्या वतीने कोणीतरी सही करायची. सही माझी चांगली आहे.

केली.

शनिवार, २५ फेब्रुवारी.

मनोगत झालं. सर्वांना मोठ्याने वाचून दाखवलं. 'लाकडाच्या वर्तुळांत मला माझ्या माणसांची वर्षं दिसतात', अशी सुरुवात. 'तळाची जाडी हातांना नव्हे, मायेला ठाऊक असते', असा शेवट. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. धाकटी दारात उभी राहून ऐकत होती, केसांत भुसा. म्हणाली, किती छान लिहिलंस ताई. मला असं लिहिता आलं नसतं.

मग आत्याने विचारलं, ते कात्रण कोणी आणलं होतं गं?

मी म्हटलं, धाकटीने. माझ्यासाठी.

आत्या म्हणाली, हो का, आणि पडद्याची दोरी ओढायला उठली.

तोच दिवस, संध्याकाळ.

धाकटीला दहावीत गणितात ब्याण्णव होते. वर मी अभ्यासाची आवड नव्हती असं लिहिलं आहे. वही फक्त माझ्यासाठी आहे म्हणून हे इथे लिहून ठेवते. त्याच वर्षी बाबांचा खांदा गेला आणि त्याच वर्षी मी कॉलेजला जायला लागले. त्या दोन गोष्टींच्या मध्ये ती उभी होती. कोणी तिला विचारलं होतं का, ते आठवत नाही. मी विचारलं नव्हतं, एवढं आठवतं.

रविवार, २६ फेब्रुवारी.

ठरलं. आज तिला स्पष्ट विचारायचं. ती हो म्हणाली तर फॉर्म तिच्या नावाने. मी इतकी काही वाईट नाही.

दुपारी विचारलं. ती लेथवर होती. मी म्हटलं, मी अर्ज केला म्हणून तुला वाईट तर नाही ना वाटलं, तुला वाईट वाटलं असेल तर मला फारच वाईट वाटेल. ती मुठीवरची नजर न काढता म्हणाली, ताई, सरक जरा, उजेड अडतोय.

म्हणजे नाही.

सोमवार, २७ फेब्रुवारी.

पुन्हा विचारायला हवं, नीट. उद्या सकाळी.

मंगळवार, २८ फेब्रुवारी.

सकाळी ती मुठी पोचवायला गेली होती. शेवटची तारीख असल्यामुळे वाट पाहता आली नाही. डबी कापसात गुंडाळून संस्थेत देऊन आले. बाहेर पडल्यावर हात फार हलके वाटले. हलकं वाटणं हे समाधानाचं लक्षण मानतात.

रविवार, ५ मार्च.

डबी तिथे आहे, पण मला घरभर दिसते. साखरेच्या डब्याचं झाकण लावलं तरी तो श्वास ऐकू येतो. या आठवड्यात मी रोज लेथखालचा भुसा झाडते आहे, न सांगता. धाकटी म्हणाली, ताई, राहू दे, मी करते, तू कोपऱ्यात लोटून ठेवतेस, मला पुन्हा काढावा लागतो.

गुरुवार, ९ मार्च.

बोलावणं आलं! सोमवार २० मार्च, सकाळी अकरा. सहा जणांना बोलावलं आहे. पत्र मी वाचून दाखवलं. आपली हत्यारं आणावीत. डबीविषयी बोलणं होईल. इथपर्यंत मोठ्याने वाचलं. त्याच्या खालची ओळ मी मनात वाचली.

ती ओळ: 'उमेदवाराने मास्तरांसमोर एक झाकण कातून दाखवावे.'

शुक्रवार, १० मार्च.

धाकटीने पत्र टेबलावरून उचलून स्वतः वाचलं. मला म्हणाली, चल, दहा दिवस आहेत. फक्त झाकण करू. रोज एकच.

मला रडू आलं. तिला वाटलं डोळ्यांत भुसा गेला. तिने फुंकर घातली.

मंगळवार, १४ मार्च.

झाकणं आतापर्यंत: चार. एक सैल, एक घट्ट, एक दोन तुकड्यांत, एक सापडत नाही.

तिचा आवाज कधी चढत नाही. हात धरते, म्हणते, दाबू नकोस, लाकूड तुझ्याकडे येऊ दे. मी दाबते. ती म्हणते, परत. ती ओरडली असती तर मला कारण मिळालं असतं. कशाचं, ते लिहीत नाही.

शनिवार, १८ मार्च.

पक्कं ठरलं. मास्तरांसमोर उभं राहून मी सत्य सांगणार. सगळ्यांदेखत. 'ही डबी माझी नाही. हे हात पाहा', असं म्हणून धाकटीला पुढे करणार. भाषण लिहून काढलं, तीन पानं झाली. त्यात श्रम, स्त्री आणि मौन यांवर एक परिच्छेद आहे, तो फारच उतरला आहे.

तिला आधी सांगायचं नाही. आनंद द्यायचा तर अचानक द्यावा. हत्यारांची पिशवी जड आहे, ती धरायला ये, असं सांगून नेणार.

भाषण पाठ झालं. महिन्याभरात पहिल्यांदा शांत वाटतंय.

सोमवार, २० मार्च. संध्याकाळी सहा.

जसं घडलं तसं लिहिते.

मोठी खोली, चार लेथ, खिडक्यांना जाळी. टेबलामागे मास्तर आणि फॉर्म सांभाळणारे एक कारकून. मास्तर वाळलेल्या काटकीसारखे. आयुष्यभर लेथच्या आवाजात राहिल्याने कमी ऐकू येतं, म्हणून समोरच्याच्या तोंडाकडे टक लावून बघतात. समोर आमची डबी. धाकटी पिशवी घेऊन दाराशी उभी राहिली. कारकुनांनी तिला विचारलं, तुम्ही कोण? ती म्हणाली, पिशवी.

मी भाषणाला सुरुवात केली. आदरणीय मास्तर, आज मी आपल्यासमोर एक वेगळीच गोष्ट. मास्तरांनी हात वर केला. म्हणाले, मनोगत वाचलं मी, आता पुरे. त्यांनी डबी उघडली. श्वास ऐकू आला असेल की नाही कोण जाणे, पण बोटांना कळला असावा, कारण त्यांनी परत लावली आणि परत उघडली. मग विचारलं, तळ किती ठेवलात?

हा प्रश्न भाषणात नव्हता. मी म्हटलं, तळाची जाडी हातांना नव्हे, मायेला.

मास्तर म्हणाले, सुतात सांगा.

मी जे मनात येईल ते सांगणार होते. चार सूत. नाही, सहा. आणि पाठीमागून, दाराकडून, आवाज आला, दोन सूत. मध्यात जरा कमी, दीड असेल, कारण तिथे एक बारीक गाठ होती, ती काढावी लागली.

वळून बघितलं तर धाकटीने तोंडावर हात ठेवला होता. तिला बोलायचं नव्हतं. कोणी मोजमाप विचारलं की तिच्या तोंडून उत्तर जातंच.

मास्तरांना ते तिच्या ओठांवरून कळलं असावं; त्यांनी डबीत मोजपट्टी घातली, बाहेरून उंची घेतली, वजाबाकी केली. मग खुर्ची माझ्यापासून दाराकडे वळवली. खुर्ची जुनी होती, वळायला बराच वेळ लागला. तेवढ्या वेळात मी बोलू शकले असते. तीन पानं पाठ होती.

मास्तर धाकटीला म्हणाले, पिशवी खाली ठेव आणि इकडे ये.

तिने झाकण कातलं. सोळा मिनिटं. मी खुर्चीच्या कडेला बसले होते. कारकुनांनी मला पाणी दिलं, बहुधा मी मागितलं होतं. झाकण डबीवर ठेवलं तेव्हा मास्तरांनी डोळे मिटले. नंतर मला विचारलं, तुम्ही काय केलंत यात? मी म्हटलं, पॉलिश. त्यांनी डबी उलटी करून बुडाचा ठसा पाहिला. म्हणाले, अच्छा, तो तुमचा.

फॉर्मवर फक्त नाव बदललं. आडनाव एकच, त्यामुळे खाडाखोड थोडक्यात भागली. मनोगताच्या पानाचं काय, असं कारकुनांनी विचारलं. मास्तर म्हणाले, डबी आहे ना.

परत येताना बसमध्ये.

मी म्हटलं, मी सांगणारच होते. ती म्हणाली, माहीत आहे. दोन स्टॉप गेले. मग म्हणाली, कधी?

मी भाषणाची तीन पानं तिच्या हातात दिली. तिने पहिलं पान वाचलं. विचारलं, यात माझं काय चाललंय ते कुठे आहे? मी म्हटलं, तिसऱ्या पानावर. ती हसली. खरंच हसली, मग खिडकीकडे तोंड केलं आणि बराच वेळ खांदे हलत होते. हसण्याने की कशाने, ते मी विचारलं नाही. मग विचारलं. ती म्हणाली, कात्रण तरी परत दे.

गुरुवार, २३ मार्च.

मास्तरांचं पत्र. धाकटीची निवड. एक एप्रिलपासून, वर्षभर, राहणं तिथेच. यावेळी सगळ्या ओळी मोठ्याने वाचल्या. कात्रण वहीतून सोडवताना थोडं फाटलं; तसंच दिलं.

आई रडली. बाबा माळ्यावर काही आहे का बघायला म्हणून शिडी चढले आणि बराच वेळ उतरले नाहीत. आत्याने धाकटीच्या गालाला हात लावला. मग म्हणाली, आणि दुकानदाराच्या नव्या तीनशे मुठींचं काय?

सगळे माझ्याकडे बघायला लागले. का, ते कळलं नाही. मग कळलं.

धाकटी घाईघाईने म्हणाली, मी नाही जात, पुढच्या वर्षी बघू. ते ऐकून मला आधी बरं वाटलं. क्षणभरच, पण वाटलं. हे मी कोणाला सांगणार नाही. त्या वाटण्याची इतकी लाज वाटली की मी म्हटलं, मुठी मी करते.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बाबा शिडीवरूनच म्हणाले, उद्या सहाला.

शनिवार, १ एप्रिल.

धाकटी गेली. जाताना तिने गोलचीला धार लावून ठेवली, पट्टीची उंची माझ्या मापाने बसवून दिली आणि खडूने लेथवर खूण केली: इथे टेकव, मग लाव. पदवीच्या फोटोवरचा भुसा पुसला. मी म्हटलं, राहू दे, आता मी पुसेन. ती म्हणाली, पुसायला खाली उतरव, स्टुलावर चढू नकोस, तू पडशील.

योजना: रोज सहा ते सहा. दिवसाला तीस मुठी. दहा दिवसांत तीनशे.

बुधवार, ५ एप्रिल. संध्याकाळी सहा.

सहाला उठले नाही, पावणेसातला उठले. बाबा स्टुलावर बसून होते.

आज चार मुठी झाल्या. बाबा म्हणाले, दोन चालतील. मग त्यातली एक पुन्हा हातात घेऊन पाहिली.